दूध आईचं, वेळ कोणाचा?

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपानाचे महत्त्व सांगणारे तक्ते भिंतीवर लागतात. हिंगणीच्या अशाच एका बैठकीत मी सांगत होते की पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यावं, चिकाचं दूध पिळून टाकू नये, सहा महिने पाण्याचा थेंबही देऊ नये. मागे बसलेली एक तीन महिन्यांची बाळंतीण म्हणाली, "ताई, दूध त हाये. पन पाजाले वेळ कोन देते?"

त्या प्रश्नाने माझे भाषण तिथेच थांबले.

दिवाळीनंतर आपल्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर. बाळाला पाजायला घरी जाऊन यायचं तर तेवढा कापूस कमी, तेवढे पैसे कमी. बोरचं जंगल लागून असल्याने बाळाला बांधावर एकटं ठेवायचीही धास्ती. मग बाळ म्हातारीजवळ राहते आणि इकडे शेतात आईचं पोलकं दुधाने भिजते.

बाळ ओढते तसं दूध तयार होते. दिवसभर पाजलं नाही की ते हळूहळू आटते. मग घरातले म्हणतात, "हिला दूधच पुरत नाही," आणि बाटली येते. दोष पुन्हा बाईच्या अंगाला चिकटतो!

पाजण्याने बाळाला जुलाब, न्यूमोनियापासून संरक्षण मिळते हे आपण सांगतो. आईचा फायदा मात्र क्वचितच सांगतो. बाळंतपणानंतर लगेच पाजल्याने गर्भाशय आकुंचन पावते, रक्तस्राव कमी होतो. पुढे स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका घटतो. पहिले सहा महिने पाळी आलेली नसेल आणि रात्रंदिवस फक्त अंगावरच पाजलं, तर लगेच दिवस राहण्याची शक्यताही फार कमी असते. दिवसाचं पाजणं तुटलं की हा आधारही जातो.

डबाबंद दुधाच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी केली, हे चांगलेच झाले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार आईला पाजण्यासाठी कामाच्या वेळात दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण दुसऱ्याच्या शेतात वेचणी करणाऱ्या बाईपर्यंत यातले काय पोचले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ४२ टक्के बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाल्याचे दिसले. हा आकडा काय फक्त बायांच्या अज्ञानाचा आहे?

ज्या बाईला पाजणं जमत नाही, तिला गुन्हेगार ठरवू नका. मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत आपण दोन गोष्टी मागू या: वेचणीच्या हंगामात गावात पाळणाघर, आणि पाजण्याच्या वेळेची मजुरी. घरातही एक मागणी ठेवू या. ती पाजत असेल तेव्हा चूल आणि पाणी दुसऱ्या कोणीतरी बघावे.

आईच्या दुधाला अमृत म्हणायला पैसे लागत नाहीत. तिला अर्धा तास द्यायला मात्र लागतात.