जोडीदार हा पर्यटक नव्हे

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे जर्मनीतले कोन्स्टान्झ आणि त्याला खेटून असलेले स्वित्झर्लंडचे क्रॉइत्सलिंगन यांच्यामध्ये कुंपण उभे राहिले. एरवी दिवसातून दोनदा सीमा ओलांडणारी माणसे जाळीतून बोटे गुंतवून एकमेकांशी बोलू लागली. मग काही अंतरावर दुसरे कुंपण आले आणि हाताला हात लागणेही बंद झाले. मेच्या मध्यावर ती कुंपणे निघाली; समुद्रापार ताटातूट झालेल्या अनेक जोडप्यांची सुटका मात्र पुढे वर्ष-दीड वर्ष झाली नाही. या निर्बंधांचे समर्थन आजही होते. पुढच्या साथीत तेच मुद्दे पुन्हा मांडले जातील, म्हणून ते आत्ताच तपासायला हवेत.

पहिला मुद्दा असा की, विषाणूला प्रेम कळत नाही, त्यामुळे सीमा सरसकट बंद करणे भाग होते. विषाणूला प्रेम कळत नाही हे खरेच; पण त्याला पासपोर्टही कळत नाही. १३ मार्च २०२० पासून अमेरिकेने युरोपातल्या शेंगेन देशांतून येणाऱ्यांना बंदी केली, तेव्हा पॅरिसहून अमेरिकी नागरिक घरी परतू शकत होता, त्याची फ्रेंच वाग्दत्त वधू नाही. तीच मुलगी मेक्सिकोत चौदा दिवस काढून आली, तर तिला प्रवेश होता! म्हणजे ज्याला हा खर्च परवडला, त्याला वाट मिळाली. त्याच वसंतात जर्मनीने शेतीच्या कामासाठी पूर्व युरोपातून हजारो हंगामी मजूर विमानाने आणले. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने टेनिस स्पर्धेसाठी सुमारे १,२०० खेळाडू आणि सहकारी विलगीकरणाची सोय करून आत घेतले. सीमा सरसकट बंद नव्हत्याच. कुणाची गरज खरी मानायची हे ठरत होते, आणि त्या यादीत लग्न न झालेला जोडीदार नव्हता.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. लग्न झालेले नसेल तर नाते खरे कशावरून? डेन्मार्कने २०२० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर जोडीदारांना प्रवेश खुला केला, तेव्हा आधी छायाचित्रे आणि फोनवरचे संदेश दाखवायला सांगितले. खासगीपणावरच्या या घाल्याबद्दल टीका होताच सहीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांनीही जुलै-ऑगस्टमध्ये आपापल्या अटींवर दार उघडले. जे या देशांना काही महिन्यांत जमले, ते इतरांना अशक्य कसे?

विवाहितांची तर सोय होती ना, असेही सांगतात. ती अर्धीच होती. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना रोखले. अमेरिकी नागरिकाच्या आणि ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला सूट मिळाली. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला ती नव्हती. आजारी आईवडिलांसाठी भारतात आलेली पत्नी इथे अडकली आणि नवरा तिकडे. अग्नीच्या साक्षीने झालेले लग्नही व्हिसाच्या वर्गापुढे थिटे पडले.

शेवटचा मुद्दा धीराचा. खलाशांच्या आणि सैनिकांच्या बायका थांबतातच की! थांबतात, कारण परतीचा अंदाज तरी असतो. अमेरिका-कॅनडा सीमाबंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. तारीख ठाऊक नसलेल्या प्रतीक्षेत बाळंतपणाला कोण असेल हेही ठरवता येत नाही आणि नोकरी सोडायची की नाही हेही.

मग हवे काय? सीमा सताड उघड्या नकोत. चाचणी, विलगीकरण, लस या अटी जोडपी आनंदाने पाळतील. त्यांचे मागणेच ते होते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे ४३ वे कलमही सांगते की, सौम्य उपाय उपलब्ध असताना त्याहून कडक निर्बंध लादू नयेत. हे तत्त्व प्रत्येक देशाच्या कायद्यात उतरले पाहिजे, आपल्याही. मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा आपण २०२० मध्येही वापरला, आणि मार्चमध्ये ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डधारकांचा व्हिसाविना प्रवेशही थांबवला. नवा कायदा करताना जोडीदाराची व्याख्या, प्रतिज्ञापत्राचा नमुना आणि अर्जाच्या निकालाची मुदत त्यात आधीच लिहावी. साथीच्या धावपळीत सरकारांना आठवते ते लिहिलेलेच. कुटुंब एकत्र राहणे ही गरज आहे, हे शांततेच्या काळातच कायद्यात लिहून घेतले पाहिजे.