टेपवर नाव घालताना

भांड्याच्या दुकानात डब्यावर नाव घालून घेतलं की काम संपतं. डबा शेजारी गेला तरी घरी परततो. टेपवर मात्र नाव दोनदा घालावं लागतं. एकदा कार्ट्रिजच्या कडेला, स्टिकरवर. दुसऱ्यांदा आत, पट्टीच्या अगदी सुरुवातीला. तिथे ८० अक्षरांची नोंद असते: आधी 'व्हीओएल१', मग लगेच सहा अक्षरांत टेपचं नाव. ऑपरेटर स्टिकर वाचतो, सिस्टीम ही नोंद वाचते.

एएस/४०० वर, म्हणजे आताच्या आयबीएम आय वर, हे आतलं नाव आयएनझेडटॅप ही कमांड घालते. तिला न्यूव्हॉल द्यायचं विसरलात तर ती कुरकुरत नाही, टेप बिननावाची करून मोकळी होते. टेप लायब्ररी असेल तर न्यूव्हॉल(*कार्टआयडी) द्यावं. बारकोडवरचंच नाव आत जातं.

खरी मेख याच कमांडच्या चेक या पॅरामीटरमध्ये आहे. मूळचं चेक(*येस) असतं: टेपवर मुदत न संपलेली फाइल दिसली की सिस्टीम थांबते आणि ऑपरेटरला मेसेज टाकून विचारते. मग इतक्या प्रोग्राममध्ये चेक(*नो) का दिसतं? कारण सेव्ह करताना एक्सपडेट, म्हणजे मुदतीची तारीख, कुणी देत नाही, आणि न दिल्यास *पर्म, म्हणजे 'कायमची', असं धरलं जातं. रोजची टेपही कायमची! मग रोज रात्री तोच मेसेज. चार दिवसांत कंटाळून कुणीतरी *नो लिहितो, आणि मेसेज येईनासे होतात.

माझ्या रात्रपाळीच्या काळातली गोष्ट. महिनाअखेरीच्या टेपवर गुरुवारचा स्टिकर लागला होता. ती ड्राइव्हमध्ये गेली, प्रोग्रामनं विचारलं काहीच नाही, आणि मिनिटभरात महिनाअखेर 'गुरुवार' झाली. स्टिकर मीच लावला होता. त्याआधी डीएसपीटॅपनं आतलं लेबल बघायला किती वेळ लागला असता, हे सांगायला नको.

उपाय सोपा आहे, फक्त तो आयएनझेडटॅपमध्ये नाही, सेव्हमध्ये आहे. सात टेपांचं चक्र असेल तर सेव्ह करताना एक्सपडेट सहा दिवसांपुढची द्या. टेप पुन्हा हातात येईल तेव्हा मुदत उलटलेली असेल आणि चेक(*येस) गप्प राहील. महिनाअखेर *पर्मच ठेवा. मग मेसेज येईल तो चुकीची टेप लागली तरच, आणि त्याला उत्तर देण्याआधी माणूस उठून ड्राइव्हपाशी जाईल.

जाता जाता: भंगारात टेपा काढणाऱ्यांनी नुसत्या नव्या नावावर विसंबू नये. आयएनझेडटॅपमध्ये क्लिअर(*नो) असताना फक्त सुरुवात बदलते, पुढचा डेटा पट्टीवर तसाच राहतो. क्लिअर(*येस)ला वेळ लागतो, तो द्यावा.

या आठवड्यात रात्रीच्या सीएल प्रोग्रामचा सोर्स उघडा आणि 'चेक' शोधा. *नो सापडलं तर ते कुणी लिहिलं हे विचारत बसू नका. तो गृहस्थ बहुधा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.