संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे

अटक आणि कोठडी हे आपल्या वाट्याचे शब्द नव्हेत, अशी वसई-विरारच्या सुशिक्षितांची समजूत दिसते. ती खोटी आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात शेजारच्या पालघरात दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, एवढाच अपराध! पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. ज्या ६६-अ कलमाचा आधार घेतला गेला, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. पण झालेली अटक पुसली जात नाही.

अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, ही राज्यघटनेच्या २२ व्या कलमाची आज्ञा आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती २० व्या कलमाने निषिद्ध ठरविली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आप्तांना खबर देण्याचे आणि चौकशीच्या काळात वकिलाला भेटू देण्याचे बंधन आहे.

हे गुन्हेगारांचे लाड नव्हेत. निरपराध आणि अपराधी यांची निवड न्यायालयाने करावयाची असते, पोलीस ठाण्याने नव्हे. हक्क मागणाऱ्यास उद्धट समजण्याची रीत पोलिसांनी सोडावी. आणि तो मागताना नागरिकांनीही कचरू नये, असे आम्हांस वाटते.