दानाच्या पुढची पायरी

घरांतील तरुण मंडळींच्या खोलींतून ‘रॉक’ संगीताचा गजर सुरू झाला कीं माजघरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. असल्या आरडाओरडीनें जगाचें काय भलें होणार, असा प्रश्नही मग ओघानेंच येतो. त्या प्रश्नाचें एक उत्तर आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बॉब गेल्डॉफ हा गायक १९५१ सालीं आयर्लंडांत, डब्लिनजवळ जन्मला. ‘बूमटाउन रॅट्स’ नांवाच्या वाद्यवृंदाचा तो नायक. वेश अव्यवस्थित, जीभ तिखट, आणि १९८४ च्या सुमारास लोकप्रियतेलाही ओहोटी लागलेली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत बी. बी. सी. चे वार्ताहर मायकेल ब्यूर्क ह्यांनीं इथिओपियांतील कोरेम येथील दुष्काळपीडितांचीं दृश्यें दूरचित्रवाणीवर दाखविलीं. अन्नावांचून झुरणारीं तीं बालकें पाहून हळहळले सर्वच. गेल्डॉफ मात्र हळहळीवर थांबला नाहीं. मिज यूर ह्या गायकाच्या साह्यानें त्यानें एक गीत रचलें, नामांकित गायकांस एकत्र आणून २५ नोव्हेंबर रोजीं लंडनमध्यें तें ध्वनिमुद्रित केलें, आणि नाताळापूर्वींच त्याच्या लाखों तबकड्या खपल्या. सरकार त्यांवरील कर सोडीना, तेव्हां त्यानें पंतप्रधान थॅचरबाईंशीं उघड वाद घातला. अखेर कराइतकी रक्कम सरकारनें मदतकार्यास दिली. पुढें १३ जुलै १९८५ रोजीं लंडन व फिलाडेल्फिया ह्या दोन शहरीं एकाच दिवशीं ‘लाइव्ह एड’ हा जलसा झाला. शंभराहून अधिक देशांतील लोकांनीं तो पाहिला, आणि त्यांतून सुमारें १५ कोटी डॉलर उभे राहिले.

दुसरा कोणी येथेंच कृतार्थ झाला असता. परंतु पैसा जमविणें एक, आणि तो भुकेल्याच्या मुखीं घांस होऊन पडणें दुसरें. इथिओपियांत यादवी माजलेली. बंदरावर उतरलेलें धान्य आंत न्यावयासही मालमोटारींची वाण. ह्याहूनही कटु गोष्ट अशी कीं, जगानें एवढ्या कौतुकानें जमविलेल्या निधीच्या अनेक पट रक्कम आफ्रिकेंतील दरिद्री देश दरवर्षीं कर्जफेडीपायीं धनिक देशांकडे व त्यांच्या पेढ्यांकडे पाठवीत होते. एका हातानें ओंजळभर द्यावें आणि दुसऱ्या हातानें घागरभर काढून घ्यावें, असा तो व्यवहार!

हें जसजसें उमगत गेलें, तसतशी गेल्डॉफची मागणीही बदलली. २ जुलै २००५ रोजीं त्यानें पुन्हां जलसे भरविले, ते वर्गणीसाठीं नव्हत. स्कॉटलंडांत जमणाऱ्या आठ बलाढ्य राष्ट्रांच्या नेत्यांवर लोकमताचा दाब यावा, एवढ्यासाठीं. त्या वर्षीं १८ दरिद्री देशांचें सुमारें ४० अब्ज डॉलरांचें कर्ज माफ करण्याचें ठरलें. अर्थात् हें एकट्या गायकाचें यश नव्हे; कर्जमुक्तीची चळवळ अनेकांनीं वर्षानुवर्षें चालविली होती. वाढीव मदतीचें वचनही पुढें पुरतें पाळलें गेलें नाहीं. आफ्रिकेंतील कलावंतांस व्यासपीठावर पुरेसें स्थान नाहीं, आणि त्या खंडाचें चित्र केवळ उपाशी म्हणून रंगविलें जातें, असा आक्षेप आला. तो आम्हांस रास्त वाटतो. ज्यास साह्य करावयाचें त्याचा मान राखून तें केलें पाहिजे.

तरीही ह्या माणसाचा मार्ग आम्हांस मोलाचा वाटतो. तो ‘मी किती दिलें?’ येथून निघाला आणि ‘ह्यांच्याकडून घेतलें किती जात आहे?’ येथवर आला. हा दुसरा प्रश्न आपणांस परका नाहीं. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं, ही कथा आपल्या घरोघरीं सांगितली जाते. तेथें त्यांनीं कोणास कांहीं दिलें नाहीं. घ्यावयाचें तेवढें सोडलें.

सणावारीं आपल्या हातून दान घडतें, तें घडत राहो. परंतु घरीं राबणाऱ्या बाईनें मुलाच्या आजारपणांत उचल घेतलेली असते, आणि ती महिन्यामागून महिना तिच्या पगारांतून कापली जात असते. येत्या सणाला तिला नवें लुगडें देण्यापूर्वीं घरांतील थोरामोठ्यांनीं ती हिशेबाची वही एकदां उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.