हातावर दाणा टिपणारे लाव्हे



एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांनी उबवणी केंद्रातून जपानी लाव्ह्यांची, म्हणजे बटेरांची, पंचवीस पिल्ले आणली. आता ती पाच आठवड्यांची आहेत. त्या लिहितात, "दाणा घालायला गेले की वाघ पाहिल्यासारखी उसळतात. तिघांची डोकी जाळीला आपटून सोलली. धाकट्याला वाटते, त्यांनी त्याच्या हातावर यावे. काय करू?"

आधी पक्ष्याची बाजू समजून घ्या. लाव्हा हा जमिनीवर फिरणारा पक्षी. घार-ससाणा वरून येतो, म्हणून वरून काहीही आले की सरळ वर झेप घ्यायची, हे त्याच्या रक्तात आहे. रानात त्याने जीव वाचतो, पिंजऱ्यात डोके फुटते. आणि आपण झाकण उघडून वरूनच हात घालतो!

म्हणून पहिले काम सुताराचे. पिंजऱ्याचे दार बाजूला, जमिनीलगत करून घ्या. छत दहा-बारा इंचांवर ठेवा, म्हणजे उसळायला जोर मिळत नाही. नाहीतर माणूस उभा राहील एवढे उंच करा. अधलेमधले छत घातक. आतून गोणपाट ताणून बांधले तर टाळू वाचते.

दुसरी गोष्ट वयाची. लाव्ह्याचे पिल्लू सतरा-अठरा दिवसांत अंड्यातून बाहेर पडते आणि लगेच चालू लागते. पहिल्या काही दिवसांत जे जवळ असते, ऊब आणि दाणा देते, ते त्याला आपले वाटते. कॉनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने बदकाच्या जातीच्या हंस-पिल्लांवर हेच पाहिले. ती त्याच्याच मागे चालत. १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत तो होता. म्हणजे माणसाळवायचे ते पहिल्या पंधरवड्यात.

पण माणसाळायला पिल्लू आधी जगले पाहिजे. त्याचे वजन तोळाभरही नसते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब द्या, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब जाऊन चोच उघडून बसली तर उकडते आहे. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात, गोणपाट अंथरा. पाण्याच्या बशीत खडे घाला. माझ्या पहिल्या खेपेला मी खडे घातले नव्हते. सकाळी सहा पिल्ले बशीत बुडून मेलेली होती. एवढ्याशा पाण्यात बुडतील असे बीएस्सी झालेल्या माणसालाही वाटले नव्हते. पहिले तीन आठवडे खाद्यात शेकडा २४ ते २७ भाग प्रथिने हवीत आणि भरडा बारीक हवा.

दुसऱ्या दिवसापासून दारातून हात आत सरकवा, तळवा वर करून जमिनीवर टेकवा. त्यावर उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा चुरा ठेवा. तोंडाने एकच हाक घाला, रोज तीच. पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मूठ मिटायची नाही! पिल्लू तळव्यावर चढले की पोरांना पकडायचा मोह होतो. एकदा पकडले की चार दिवसांची मेहनत वाया. आठवड्यानंतर वाळवी द्या. वाळवीसाठी लाव्हा भीती विसरतो. पक्षी हातात घ्यावाच लागला तर संध्याकाळी, मंद उजेडात, दोन्ही तळव्यांनी पंखांसकट उचला. पायाला धरू नका.

लखनौला नवाबी काळात झुंजीसाठी रानातली बटेर तासन् तास मुठीत धरून नरम करीत. तो छळ झाला, तो मार्ग आपला नव्हे. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या रानात सापडलेली पिल्लेही घरी आणू नका. रानपक्षी पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यांची आई जवळच असते.

एकच पिल्लूही पाळू नका. मुलीच्या हट्टासाठी मी एक घरी आणले होते. ते तिच्या ओंजळीत झोपे. ती शाळेत गेली की दिवसभर ओरडत राही, दाण्याला शिवत नसे. चौथ्या दिवशी मेले. निदान पाच-सहा एकत्र हवीत. तरीही ती हाताला येतात.

आता एक नाजूक गोष्ट. लाव्हे पाच-सहा आठवड्यांत विकायला तयार होतात. एका घरी पाहुणे आले, तेव्हा घरच्यांनी पोरालाच हाक मारायला लावले. चार लाव्हे त्याच्या हातावर आले आणि तिथेच धरले गेले. पोरगा दोन दिवस जेवला नाही. बाप मला म्हणाला, "साहेब, पक्षी खायलाच आणले होते ना?" खरे होते. पण ज्याने हाक मारली त्याला ते आधी कोणी सांगितले नव्हते. तेव्हा पिल्ले आणतानाच घरात बसून ठरवा. विक्रीची वेगळी ठेवा, हातावरची वेगळी. हातावरच्यांत माद्या जास्त ठेवा. त्या सहा-सात आठवड्यांच्या झाल्या की अंडी देऊ लागतात, म्हणजे आजीचीही तक्रार राहत नाही. तिसऱ्या आठवड्यात छाती पाहा: नराची तांबूस, मादीची ठिपक्यांची.

पत्रलेखक भगिनींना एवढेच सांगतो. तुमचे पंचवीस आता हातावर येतीलच असे नाही, पण घाबरणे निश्चित कमी होईल. डोके सोललेली तिन्ही आजच वेगळी करा, रक्त दिसले की बाकीची टोचतात. गोणपाट बांधा, दार बाजूला घ्या. धाकट्याला रोज संध्याकाळी वाळवी घेऊन दारापाशी नुसते बसायला सांगा, हात न घालता. महिन्याभराने काय झाले ते मला लिहा.