घरातली चार मांजरे



गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी या सदरातून आपण पुष्कळदा बोललो. आज विषय आहे मांजरांचा. तुम्ही म्हणाल, साहेबांना बोलायला दुसरे काही उरले नाही काय! पण कोणत्याही वस्तीवर जाऊन पाहा. एक नव्हे, चांगली चार-पाच मांजरे घरात वावरत असतात. ती कोणी विकत आणत नाही, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत हयगय होते. ती हयगय कधी मांजराच्या जिवावर बेतते, तर कधी घरातल्या माणसाच्या.

आमच्याच घरी सध्या चार आहेत. म्हातारी भाटी मनी, तिच्या दोन लेकी, आणि आपण होऊन येऊन राहिलेला एक पिवळा बोका. पहाटे धारेची चरवी वाजली की चौघेही गोठ्याच्या दारात हजर. मनीची जागा चुलीमागे, लेकींची ज्वारीच्या पोत्यांवर, बोक्याची कडब्याच्या गंजीवर. एकाने दुसऱ्याची जागा बळकावली की जो तंटा होतो, तो पाहून बांधावरून भांडणाऱ्या भावकीची आठवण व्हावी. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाला खाण्याची थाळी वेगळी आणि थोड्या अंतरावर ठेवावी. बसायला उंचावर दोन-चार जागा असाव्यात. विधीसाठी मांजरे जितकी, तितकी वाळूची घमेली आणि वर एक जादा. तेवढे केले की घरात शांतता राहते आणि मांजर धान्याच्या ढिगात जाऊन घाण करीत नाही.

खायला काय द्यावे?

‘मांजर उपाशी ठेवले म्हणजे उंदीर जास्त धरते’ असे जुनी माणसे सांगतात. ते खरे नाही. शिकार हा मांजराचा स्वभाव आहे, ते पोट भरलेले असतानाही उंदरावर झडप घालते. उलट उपाशी मांजर घर सोडून अन्नाच्या शोधात लांब भटकते आणि तुमचे कोठार उंदरांना मोकळे राहते.

नुसत्या दूध-भातावर मांजर नीट जगत नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक लागतो, आणि तो मांस-मासळीतूनच पुरेसा मिळतो. तो फार काळ मिळाला नाही तर मांजराची दृष्टी जाते, हृदय कमजोर होते. उंदीर धरणाऱ्या मांजराला तो शिकारीतून मिळतो. कमी शिकार करणाऱ्याला उकडलेले अंडे, मासळीचे काटे काढलेले तुकडे किंवा मीठ धुऊन काढलेली सुकट अधूनमधून द्यावी. दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते. स्वच्छ पाण्याचे भांडे मात्र सदैव भरलेले असावे.

मांजर काय करील, काय करणार नाही

मांजर घरातले उंदीर आणि लहान पिल्ले धरते. मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत. शेतातली बिळे, बांधावरची बिळे हे तर मांजराचे कामच नव्हे. तेव्हा चार मांजरे आहेत म्हणून धान्य उघड्यावर टाकू नका. पत्र्याची बंद कोठी, जमिनीपासून उंच ठेवलेली पोती आणि बुजवलेली भोके हा खरा बंदोबस्त. मांजर त्याला मदतनीस.

विषाची सकाळ

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर मी सकाळी पोहोचलो, तेव्हा अंगणात तीन मांजरे मरून पडली होती. आदल्या रात्री घरधन्याने माळ्यावर झिंक फॉस्फाइडचे आमिष टाकले होते. घरातली नऊ-दहा वर्षांची मुलगी पायरीवर बसून होती आणि कोणाशी बोलत नव्हती. पुढल्या सुगीला त्याच माळ्यावर उंदीर पुन्हा नांदू लागले, कारण उंदरांची वीण लवकर भरून निघते. मांजरे मात्र राहिली नव्हती.

झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळाले की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेले आमिष उरलेले असते, आणि असा उंदीर मांजराने खाल्ला तर तेही दगावू शकते. ब्रोमॅडिओलोन हे औषध वेगळ्या रीतीने काम करते. त्याने रक्त गोठायचे थांबते. उंदीर तीन-चार दिवस मलूल होऊन हिंडतो, मांजराला आयता सापडतो, आणि त्याच्या काळजात साठलेले औषध मांजराच्या पोटात जाते. इथे जीवनसत्त्व के-१ देऊन मांजर वाचवता येते, पण पशुवैद्याकडे वेळेवर गेले तर.

म्हणून एवढे पाळा. झिंक फॉस्फाइड घरात, माळ्यावर कधीही वापरू नका. शेतात वापरायचे तर आमिष बिळाच्या आत टाका आणि तोंड बुजवा. विष टाकल्यावर निदान आठवडाभर मांजरे घरात कोंडून ठेवा, शेजारच्या वस्तीलाही निरोप द्या. रोज सकाळी मेलेले उंदीर चिमट्याने वा फावड्याने गोळा करून खोल पुरा. घरात शक्यतो पिंजरेच लावा.

दोन विषे आपण नकळत देतो, तीही सांगतो. गुरांच्या गोचिडांवर लावायची परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे उरली म्हणून मांजराच्या पिसवांवर लावू नका. मांजराच्या यकृताला ती पचत नाहीत. अंग थरथरते, लाळ गळते, झटके येतात. तसेच ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

घरातल्या माणसांसाठी

पिसाळणे हा रोग फक्त कुत्र्याचा नाही, मांजरालाही होतो आणि मांजरापासून माणसाला होतो. तो एकदा उमटला की वाचण्याची आशा जवळजवळ नसते. मांजराला वयाच्या तिसऱ्या महिन्यात लस टोचून घ्या आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसे डोस चालू ठेवा. मांजर चावले किंवा त्याने रक्त येईल असे ओरबाडले तर हळद, चुना, मिरची यांपैकी काही लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ‘घरचेच आहे, काही होत नाही’ असे म्हणू नका.

गरोदर सुनेने मांजराची घाण काढू नये. तिच्यातून टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा रोग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. ताजी घाण लगेच बाधत नाही, तिला साधारण एक दिवस वा अधिक लागतो. म्हणून दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज काढली की धोका पुष्कळ कमी होतो. पालेभाजी धुऊन घ्यावी, मटण पूर्ण शिजवावे. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. याच रोगाने शेळ्या-मेंढ्याही गाभडतात. तेव्हा पेंड आणि भुसा झाकून ठेवा, त्यावर मांजराला बसू देऊ नका.

चाराची चाळीस होऊ नयेत

भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. सुमारे नऊ आठवड्यांनी विते आणि एका वेतात साधारण तीन ते पाच पिल्ले होतात. वर्षातून दोन वेते सहज. त्या लेकी पुढच्या वर्षी आई होतात. मग पोत्यात भरून पिल्ले दूरच्या माळावर सोडण्याचा प्रकार होतो. तो निर्दय तर आहेच, पण प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

शस्त्रक्रिया करून घेणे हा सरळ मार्ग. भाटीची आणि बोक्याचीही करता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसली तर जिल्ह्याच्या ठिकाणची माहिती ते देतील. शस्त्रक्रियेनंतर मांजर आळशी होते, उंदीर धरीत नाही, ही समजूत चुकीची आहे. उलट बोक्यांची रात्रीची मारामारी कमी होते आणि जखमाही कमी होतात. पिल्ले द्यायची असतील तर आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नका. आईजवळच ती शिकारीचे पहिले धडे घेतात, आणि अशी पिल्ले शेजारी आनंदाने मागून नेतात.

या आठवड्यात एक काम करा. घरात मांजरे किती, त्यांत भाट्या किती आणि लस कोणाला टोचली आहे, एवढे कॅलेंडरच्या मागे लिहून काढा. जनावरांच्या लसीकरणाला डॉक्टर वस्तीवर येतील तेव्हा हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. बैलांबरोबर मांजरांचेही विचारले म्हणून कोणी हसणार नाही.