प्राणिजगत् : नदींतील रोगी आणि त्यांचे वैद्य

देवळांत पाऊल टाकतांना गाभाऱ्यासमोरील दगडी कासवास आपण नमस्कार करतों. परंतु विहिरींतील जिवंत कासव कधीं आजारी पडत असेल, हा विचार क्वचितच आपल्या मनांत येतो. त्याचें एक कारण असें कीं, हा प्राणी आपलें दुखणें शक्य तोंवर बाहेर दिसूं देत नाहीं. दुबळा दिसला तर शत्रूचें फावतें. शिवाय त्याचें रक्त शीत व शरीराचे सर्व व्यापार मंद. त्यामुळें रोगहि सावकाश वाढतो, आणि लक्षणें उमटतात तेव्हां बहुधा फार उशीर झालेला असतो.

ऑस्ट्रेलियांतील बेलिंजर नदीचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या उत्तर किनाऱ्याकडील ही नदी लहानशीच. परंतु तिच्यांत राहणारी कासवांची एक जात जगांत इतरत्र आढळत नाहीं. २०१५ च्या फेब्रुवारींत होडींतून जाणाऱ्या लोकांना हीं कासवें मरणोन्मुख स्थितींत पडलेलीं दिसलीं. डोळे सुजलेले, नाकांतून पाणी, मांड्यांच्या खालच्या बाजूस व्रण आणि मागील पायांत बळ नाहीं, अशी त्यांची अवस्था होती. थोड्याच आठवड्यांत चारशेंहून अधिक कासवें गेलीं.

आतां निदान कसें करावें? पाळीव कासवाचे डोळे सुजले तर प्रथम आहाराची चौकशी करतात. कारण ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यानेंहि पापण्या सुजतात. कासव एका अंगावर कलंडून पोहूं लागलें तर फुप्फुसाच्या विकाराची शंका घेतात. पण येथें नदींतील मोठीं कासवें एकदमच अंथरुणास खिळलीं होतीं. पाण्यांत विष मिसळलें असावें काय? मग त्याच पाण्यांतील दुसऱ्या जातीचीं कासवें धडधाकट कशीं? पाणी तपासलें, शवें तपासलीं. मूत्रपिंड, प्लीहा व अश्रुग्रंथि यांत तीव्र दाह आढळला, आणि अखेर पूर्वीं अज्ञात असलेला एक विषाणु हातीं लागला.

औषध मात्र नव्हतें. उचलून नेलेलीं रोगी कासवें वांचलीं नाहींत. कित्येकांना यातनांतून सोडविण्यासाठीं मरण द्यावें लागलें. तेव्हां चिकित्सेची दिशाच बदलावी लागली. साथीच्या दिवसांत घरांतील निरोगी मुलांना आजोळीं धाडावें, त्याप्रमाणें नदीच्या वरच्या अंगास, साथ पोंचली नव्हती त्या भागांतून, वीसांहूनहि कमी निरोगी कासवें निराळीं काढून ठेवलीं. पुढें सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयांत त्यांना पिलें झालीं, आणि २०१८ पासून तीं नदींत सोडण्यास आरंभ झाला. नदींत उरलेलीं कासवें बहुतेक लहान होतीं. तीं वयांत येण्यास कित्येक वर्षें लागतात. रोगी वांचला नाहीं, तरी कूळ वांचावें, एवढ्यासाठीं ही खटपट.

होडीवाल्यांस तेव्हां बजावण्यांत आलें कीं, सामान धुवून व वाळवून घेतल्यावांचून दुसऱ्या पाण्यांत उतरूं नये. आपणहि हें ध्यानांत घ्यावें. पुण्य लागेल म्हणून एका तळ्यांतलें कासव दुसऱ्या विहिरींत सोडतांना आपण त्याच्यासवें कोणता रोग धाडतों, हें आपणांस कळत नाहीं. निपचित पडलेलें कासव दिसलें तर हळद लावून टोपलीखालीं झांकूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें आपल्याकडील रानटी कासवें घरीं बाळगतां येत नाहींत. वनखात्यास कळवावें, आणि मुलांकडून एवढें टिपून घ्यावें: कोठें दिसलें, किती होतीं, डोळे कसे होते, पोहत कसें होतें. बेलिंजरच्या कांठीं वैद्यांना पहिली वार्ता मिळाली ती अशाच वाटेनें जाणाऱ्यांकडून.